मोटार-वाहन खटल्यांतील मराठी परिभाषा : काही शब्दांचा अर्थविचार

वाहतुकीचा एखादा नियम मोडल्यामुळे पैसे देऊन घरी परतलेला मनुष्य ‘दंड भरला’ एवढ्या दोन शब्दांत सारी हकीकत सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्यालाही त्यात काही संदिग्ध वाटत नाही. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या दृष्टीने पाहिले तर या दोन शब्दांखाली परस्परांहून भिन्न अशा तीन घटना असू शकतात.

पहिली घटना कलम २०० मधील. राज्य शासनाने नेमून दिलेला अधिकारी, नेमून दिलेली रक्कम घेऊन, काही विशिष्ट गुन्ह्यांबाबत तडजोड करू शकतो. ही तडजोड खटला दाखल होण्यापूर्वी होऊ शकते, तशी नंतरही होऊ शकते. ती झाली म्हणजे त्या गुन्ह्याबद्दलची पुढील कार्यवाही थांबते; न्यायालयाने दोषी ठरविण्याचा प्रश्न उरत नाही. दुसरी घटना कलम २०८ मधील. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेऊन समन्स काढलेले असते आणि त्या समन्सातच आरोपीला असा पर्याय दिलेला असतो की, त्याने ठरलेल्या दिवसाच्या आत गुन्हा कबूल करून न्यायालयाने सांगितलेली रक्कम मनिऑर्डरने पाठवावी. ही कबुली मनिऑर्डरच्या कूपनावरच लिहावयाची, असे अधिनियमाचे शब्द आहेत. तिसरी घटना न्यायासनासमोरील. आरोपी हजर होतो, आरोप ऐकतो, कबुली देतो किंवा नाकारतो. दोष सिद्ध झाल्यास न्यायालय त्याला दंडाची शिक्षा करते.

पहिल्या घटनेत केवळ एक व्यवहार मिटतो, दुसरीत लेखी कबुली दिली जाते आणि तिसरीत शिक्षा भोगली जाते. लोकभाषा मात्र तिहींना एकच वाक्य लावते. शब्दांच्या अशा एकीकरणाने माणसाचे कोणते नुकसान होते, आणि त्याला भाषेचा स्वभाव जबाबदार आहे की परिभाषा घडविणाऱ्यांची पद्धत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. परिभाषेचे थर

मराठी न्यायव्यवहाराची शब्दसंपत्ती एका काळात घडलेली नाही. तिचा सर्वांत ठळक थर फारसी-अरबी शब्दांचा आहे. ‘फिर्याद’ हा मूळचा मदतीसाठी फोडलेल्या टाहोचा वाचक. ‘जामीन’ म्हणजे हमी घेणारा. ‘कलम’ म्हणजे लेखणी, आणि लेखणीने लिहिलेला परिच्छेद म्हणून कायद्याचा पोटविभाग. ‘दखल’ म्हणजे प्रवेश, त्यावरून ‘दखल घेणे’ आणि ‘दखलपात्र’. ‘हजर’, ‘वकील’, ‘तारीख’, ‘अर्ज’, ‘कबूल’ हे शब्द याच थरातले. दुसरा थर संस्कृताचा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा जो उपक्रम झाला, त्याचेच आधुनिक रूप १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशकार्यात दिसते. ‘दोषसिद्धी’, ‘दोषारोप’, ‘शास्ती’, ‘अभियोग’, ‘न्यायदंडाधिकारी’ ही त्याची उदाहरणे. तिसरा थर इंग्रजीचा : समन्स, वॉरंट, कोर्ट, सिग्नल, लायसन.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा म्हणून मराठी १९९८ साली ठरविण्यात आली. त्यामुळे हे तिन्ही थर आज एकाच कागदावर नांदताना दिसतात. पोलिसांच्या अहवालात ‘मोवाका कलम १८४’ असे लघुरूप येते, त्याच ओळीत ‘फिर्यादी’ येतो आणि पुढे ‘दोषारोपपत्र’ येते. मिश्रण हा भाषेचा दोष नव्हे. जिवंत भाषेत ते असावयाचेच. म्हणून शब्द कोणत्या थरातून आला, हा प्रश्न गौण होय. दोन भिन्न कायदेशीर स्थिती त्या शब्दाने वेगळ्या राहतात की एकमेकींत मिसळतात, हा खरा प्रश्न.

२. चलान, चलन आणि पावती

‘चलान’ हा शब्द हिंदी ‘चालान’शी संबद्ध असून त्याच्या मुळाशी ‘चालविणे, रवाना करणे’ ही कल्पना आहे. माल रवाना करताना सोबत द्यावयाचा कागद हा त्याचा जुना अर्थ. उत्तर भारतातील पोलिसी व्यवहारात आरोपीला न्यायालयाकडे रवाना करतानाच्या अहवालासही हेच नाव रूढ झाले. त्या अहवालाला महाराष्ट्रात ‘दोषारोपपत्र’ म्हणतात; त्यामुळे ‘चलान’ हा शब्द येथे त्या अर्थाने रुजला नाही आणि वाहतुकीच्या नियमभंगापुरताच मुख्यतः उरला.

याच्या शेजारी मराठीत दुसरा शब्द आधीपासून होता : ‘चलन’. कोषागारात किंवा बँकेत सरकारी रक्कम भरताना जो छापील नमुना लिहून द्यावा लागतो, तो ‘चलन’. दोन शब्दांत भेद एका दीर्घ स्वराचा; आणि बोलण्यात व लिहिण्यात तो स्वर सहज गळतो. ‘ई-चलान’ आणि ‘ई-चलन’ ही दोन्ही रूपे वृत्तपत्रांत आढळतात. हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. ‘चलन’ हे देणे आधीच निश्चित झाल्याचे दर्शविते. कर किती, फी किती, हे ठरलेले असते आणि नागरिकाने ते फक्त पोचते करावयाचे असते. ‘चलान’ हा मात्र आरोपाचा कागद आहे. त्यात अमुक वाहनाने अमुक ठिकाणी अमुक कलमाचा भंग केला, असे एका पक्षाचे म्हणणे असते. ‘चलान’चे ‘चलन’ झाले की आरोपाचे रूपांतर थकबाकीत होते. थकबाकीवर कोणी वाद घालीत नाही. ती फेडतात किंवा बुडवितात. आरोप नाकारता येतो, ही जाणीवच त्या शब्दरूपात उरत नाही.

लोकभाषेतील तिसरा शब्द ‘पावती’. ‘पोलिसाने पावती फाडली’ हा प्रयोग महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येतो. ‘पावणे’ या धातूपासून आलेला हा शब्द रक्कम पोचल्याचा पुरावा दर्शवितो. म्हणजे व्यवहाराचा शेवट सांगतो. आरोपाने ज्याचा आरंभ व्हावयाचा, त्याला लोकांनी शेवटाच्या कागदाचे नाव दिले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्या समाजात मुरलेली आहे, त्याला आरंभ आणि शेवट एकाच कागदात उरकलेले हवे असावेत, यात नवल नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम १३६-अ घालून इलेक्ट्रॉनिक देखरेखीला स्थान दिले; यंत्राने काढलेल्या चलानात फाडण्यासारखे काही नसते. तरी ‘फाडणे’ हे क्रियापद टिकून आहे.

३. ‘भरणे’ या क्रियापदाची कामगिरी

वरील गोंधळाचे खरे केंद्र नामात नसून क्रियापदात आहे. ‘भरणे’ हे क्रियापद या क्षेत्रात किती वेगवेगळी कामे करते, ते पाहण्यासारखे आहे. ‘दंड भरणे’ यात कर्ता आरोपी असतो आणि क्रिया पैसे देण्याची. ‘खटला भरणे’ यात कर्ता शासन किंवा फिर्यादी असतो आणि क्रिया आरोपीविरुद्ध जाणारी. ‘अर्ज भरणे’ यात क्रिया लिहिण्याची. ‘चलान भरणे’ या प्रयोगात यांपैकी पहिली आणि तिसरी अशा दोन्ही अर्थांना वाव राहतो : पोलिसाने चलान भरले म्हणजे लिहून पूर्ण केले, आणि चालकाने चलान भरले म्हणजे पैसे दिले. एकाच वाक्यरचनेत कर्ता बदलताच आरोप करणाऱ्याची क्रिया आरोप मानणाऱ्याची होते.

मराठीने हा भेद राखण्याची साधने स्वतःजवळ ठेवलेली नाहीत, असे मात्र नाही. ‘दंड करणे’, ‘दंड ठोठावणे’, ‘दंड होणे’ आणि ‘दंड भरणे’ या चार प्रयोगांत भूमिका स्वच्छ वेगळ्या आहेत. ‘त्याला दोनशे रुपये दंड झाला’ या वाक्यात कोणीतरी निर्णय दिल्याचे गृहीत आहे; ‘त्याने दोनशे रुपये दंड भरला’ यात ते तितके गृहीत नाही. ‘होणे’ हे क्रियापद वगळून थेट ‘भरणे’ वापरण्याची सवय वाढली, तेव्हा निर्णयाची पायरी वाक्यातून गळाली. जी पायरी वाक्यात नाही, ती कोणी शोधीत नाही.

४. दंड, शिक्षा, शास्ती आणि तडजोड शुल्क

‘दंड’ म्हणजे काठी. काठी हे राजसत्तेचे चिन्ह. म्हणून शासन करण्याची शक्ती म्हणजे दंड. आणि अखेरीस त्या शक्तीने वसूल केलेले द्रव्य म्हणजे दंड. अर्थाच्या या तिन्ही पायऱ्या आजच्या मराठीत एकाच वेळी जिवंत आहेत. ‘न्यायदंडाधिकारी’ या पदनामात दंड म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार होय. द्रव्यदंडाशी त्याचा विशेष संबंध नाही. ‘भारतीय दंड संहिता’ या नावातही तोच अर्थ होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेने आपल्या नावात ‘दंड’ऐवजी ‘न्याय’ हा शब्द घेतला. परंतु खटला ऐकणारा अधिकारी अद्याप दंडाधिकारीच आहे.

‘शिक्षा’ या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक. संस्कृतात शिकणे-शिकविणे असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत शासनाचा वाचक झाला, आणि शिकण्यासाठी ‘शिक्षण’ वेगळे राहिले. ‘शास्ती’ हा कोशकारांनी पुढे आणलेला शब्द. शिक्षेहून व्यापक, कर उशिरा दिल्याबद्दलची रक्कमही ज्यात मावेल असा. तो कार्यालयीन मराठीत स्थिरावला, लोकांच्या बोलण्यात आला नाही.

कलम २०० खाली दिल्या जाणाऱ्या रकमेला शासकीय व्यवहारात ‘तडजोड शुल्क’ म्हणतात. संज्ञा म्हणून ही रचना चांगली आहे. ‘तडजोड’ या शब्दात दोन पक्ष गृहीत आहेत, ‘शुल्क’ या शब्दात दोषाची छटा नाही. येथे दोष सिद्ध झालेला नाही आणि दोन बाजूंनी वाद मिटविला आहे, हे दोन्ही घटक तीत येतात. परंतु व्यवहारात ‘तडजोड’ हा शब्द बहुधा उच्चारलाच जात नाही. रस्त्यावर रक्कम मागितली जाते ती ‘दंड’ या नावाने. ज्या गोष्टीला दोन पक्षांची संमती हवी, तिला एकतर्फी आज्ञेचे नाव मिळते. मग तडजोड नाकारून न्यायालयापुढे आपले म्हणणे मांडण्याचा मार्ग मोकळा आहे, हे ऐकणाऱ्याला कळावे कसे?

‘तडजोड’ या संज्ञेचा आशयही २०१९ नंतर पूर्वीसारखा राहिलेला नाही, याची नोंद घेणे अवश्य आहे. दुरुस्तीने कलम २०० ला असे परंतुक जोडले की, तडजोड झालेली असली तरी पुढे तोच गुन्हा पुन्हा घडला किंवा नाही हे ठरविताना आधीचा गुन्हा घडला होता असेच मानले जाईल. सामान्य मराठीत तडजोड म्हणजे मागचे विसरणे. अधिनियमातील तडजोड मागचे लक्षात ठेवते. कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्यास कमाल दंड ५०० रुपये आणि त्यानंतरच्या गुन्ह्यास १,५०० रुपये, अशा तरतुदी पाहिल्या म्हणजे या अर्थभेदाची किंमत रुपयांतही मोजता येते.

‘किरकोळ’ या विशेषणाचाही येथेच उल्लेख केला पाहिजे. वाहतुकीचा गुन्हा किरकोळ, असे सर्वजण म्हणतात. परंतु १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ या कायद्याने विशेष समन्सच्या संदर्भात किरकोळ गुन्ह्याची जी व्याख्या केली, तिच्यातून मोटार वाहन अधिनियमाखालील गुन्हे स्पष्टपणे वगळले आहेत. त्या गुन्ह्यांना कलम २०८ चा स्वतंत्र मार्ग आहे. लोकभाषेतील विशेषण आणि कायद्यातील संज्ञा यांचे उच्चार एक, विषय वेगळे.

५. समन्स ‘बजावणे’

‘समन्स’ हा इंग्रजीत सकारान्त असूनही एकवचनी शब्द. मराठीने तो जसाच्या तसा नपुंसकलिंगी करून घेतला : समन्स निघाले, समन्स आले, समन्स बजावले. यातील ‘बजावणे’ विचार करण्यासारखे आहे. घरगुती मराठीत ‘मी त्याला बजावले’ म्हणजे कडक शब्दांत ताकीद दिली. ‘कर्तव्य बजावणे’ म्हणजे ते पार पाडणे. न्यायव्यवहारात ‘बजावणे’ म्हणजे विहित रीतीने कागद संबंधित व्यक्तीपर्यंत पोचविणे. त्यात ताकीद नाही आणि धाकही नाही. परंतु समन्स बजावले गेले हे ऐकणाऱ्याच्या मनात घरगुती अर्थाची सावली पडल्याशिवाय राहत नाही. वस्तुतः बजावणी ही आरोपीच्या सोयीची तरतूद आहे. आरोप काय, कोठे व केव्हा यावयाचे, आणि कलम २०८ प्रमाणे कोणते पर्याय मोकळे आहेत, हे त्याला कळल्याशिवाय त्याच्याविरुद्ध पुढे जाऊ नये, हा तिचा हेतू. नव्या संहितेने समन्स इलेक्ट्रॉनिक रूपात काढण्यासही मान्यता दिली आहे. म्हणून कागद हाती पडणे आणि मजकूर कळणे यांतील अंतर येथून पुढे अधिक महत्त्वाचे ठरणार आहे.

६. ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव’

अपघाताच्या फिर्यादीत एक वाक्य ठरलेले असते : आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालविले. हे वाक्य फिर्यादीकडून बातमीत आणि बातमीतून बोलण्यात इतके मुरले आहे की, ते कोणा एकाचे वाक्य राहिलेले नाही.

मूळ कायद्यात, म्हणजे १८६० च्या संहितेच्या कलम २७९ मध्ये आणि आजच्या न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये, मनोवृत्तीचे दोन प्रकार विकल्पाने सांगितले आहेत. त्यांतील भेद अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८१ साली इदू बेग प्रकरणात विशद केला. पहिल्या प्रकारात धोका आहे हे कर्त्याला ठाऊक असते, तरी तो पर्वा न करता कृती करतो. दुसऱ्या प्रकारात जी काळजी घ्यावयास हवी होती ती तो घेत नाही. धोका त्याच्या ध्यानातच आलेला नसतो. ‘हयगय’ हा शब्द दुसऱ्या प्रकारास उत्तम जुळतो. पहिल्यासाठी ‘अविचार’ योजला जातो. परंतु अविचार म्हणजे विचाराचा अभाव. आणि पहिल्या प्रकारात धोक्याचा विचार मनात येऊन गेलेला असतो, तो झुगारलेला असतो. परिणामी ‘हयगय’ आणि ‘अविचार’ हे दोन्ही शब्द एकाच बाजूला जाऊन बसतात आणि कायद्यातील दुसरी बाजू रिकामी राहते. ‘बेदरकारपणा’ हा शब्द तेथे अधिक नेमका आहे. त्याला जाणीव अभिप्रेत आहे. ज्याला काही ठाऊकच नाही, त्याला बेदरकार म्हणता येत नाही. फारसी थरातील शब्द संस्कृत थरातील शब्दाहून येथे अचूक ठरतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तिसरा शब्द ‘भरधाव’. ‘भरदुपार’, ‘भरपाऊस’ यांतील ‘भर’ येथे आहे. पूर्ण धावेने, असा अर्थ. हा शब्द परिपूर्णता सांगतो, परिमाण सांगत नाही. वेगमर्यादेचा भंग हा कलम १८३ खालील स्वतंत्र गुन्हा असून तो आकड्याने सिद्ध करावयाचा असतो. भरधावपणाला आकडा नाही. सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या प्रकरणात १९९८ साली असे सांगितले की, वाहन मोठ्या वेगात होते एवढ्याने हयगय अथवा बेदरकारपणा सिद्ध होत नाही. मोठा वेग ही सापेक्ष गोष्ट असून त्या परिस्थितीत तिचा अर्थ काय, हे अभियोग पक्षाने पुराव्याने दाखविले पाहिजे. न्यायालयाचा हा निर्णय एका परीने अर्थविचाराचाच आहे. ‘भरधाव’ हा शब्द वर्णन करतो, पुरावा देत नाही.

ठरीव वाक्याचा तोटा उभयपक्षी आहे. निर्दोष चालकावर ते वाक्य न तपासता चिकटते. उलट, ज्याच्या हयगयीने खरोखर कोणाचा जीव गेला, त्याच्या खटल्यात साक्षीदाराने प्रत्यक्ष काय पाहिले—गाडी कोणत्या बाजूने आली, चालकाने वळणावर इशारा दिला का, पादचारी कोठे होता—हे सांगण्याऐवजी तोच ठसा उमटविला जातो, आणि उलटतपासात तो पुसून जातो. मृताच्या घरच्यांना न्याय नाकारला जाण्यास अशा वेळी एक घासून गुळगुळीत झालेले वाक्यही कारण होऊ शकते.

७. ‘गुन्हा कबूल आहे का?’

न्यायालयातील सर्वांत लहान आणि सर्वांत निर्णायक वाक्य हे. समन्स-खटल्यात औपचारिक दोषारोप ठेवणे आवश्यक नसते. आरोपाचा तपशील सांगून आरोपीला कबुली विचारली जाते. ‘कबूल’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ स्वीकार. मराठीत आपण अट कबूल करतो, सौदा कबूल करतो, चूकही कबूल करतो. पहिल्या दोहोंत पुढील व्यवहाराला संमती आहे, तिसऱ्यात मागील कृतीची मान्यता. न्यायालयाला तिसरा अर्थ अपेक्षित असतो. रांगेत उभा असलेला, दिवसाची मजुरी बुडवून आलेला चालक पुष्कळदा पहिल्या अर्थाने उत्तर देतो : पैसे देऊन मिटवावयास माझी ना नाही.

याशिवाय मराठी ‘हो’ हा निव्वळ होकार नसतो. ‘ऐकले’, ‘कळले’, ‘पुढे बोला’ एवढाच त्याचा अर्थ अनेकदा असतो. अशा वेळी ‘हो, सिग्नल ओलांडला, पण मागून रुग्णवाहिका येत होती’ या उत्तरातील ‘हो’ घ्यावा की ‘पण’? व्याकरणदृष्ट्या ‘पण’ने जोडलेल्या वाक्यात वक्त्याचा भर उत्तरार्धावर असतो. ज्याला बचाव जोडलेला आहे, ती निखळ कबुली नव्हे. तिच्यातून केवळ पूर्वार्ध उचलून ‘गुन्हा कबूल’ असे लिहिले, तर वक्त्याने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घातले जाते.

कायद्याने या धोक्याची जाणीव ठेवली आहे. १९७३ च्या संहितेच्या कलम २५२ मध्ये, आणि आता नव्या संहितेच्या कलम २७५ मध्ये, अशी आज्ञा आहे की आरोपीने कबुली दिल्यास दंडाधिकाऱ्याने ती शक्य तितक्या आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी. परिभाषेचा आग्रह धरणाऱ्या कायद्याने या एका ठिकाणी परिभाषा बाजूला ठेवून बोलीला मान दिला आहे. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या माणसाचे वाक्य प्रमाण मराठीत, आणि तेथून ‘गुन्हा कबूल’ या दोन शब्दांत घडी घालून ठेवले, तर या आज्ञेचा अर्थ उरत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून एवढे दिसून येते की, या क्षेत्रात मराठीला शब्दांची वाण नाही. तडजोड शुल्क, दंड, दोषसिद्धी, बेदरकारपणा, हयगय असे आवश्यक ते शब्द आहेत, आणि त्यांपैकी बरेच चांगले आहेत. उणीव आहे ती त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याच्या शिस्तीची. ही शिस्त नवे संस्कृत शब्द घडवून येणार नाही. ‘शास्ती’ची कथा त्याची साक्ष आहे. ती येईल क्रियापदांतून. ‘तडजोड शुल्क दिले’, ‘कबुली देऊन रक्कम पाठविली’ आणि ‘दंड झाला, तो भरला’ ही तीन वाक्ये चलानावर, समन्सावर आणि वृत्तपत्रात जर वेगळी राहिली, तर नागरिकालाही तीन मार्ग वेगळे दिसतील. लहान रकमेच्या या खटल्यांतूनच बहुसंख्य लोकांची न्यायालयाशी पहिली आणि पुष्कळदा एकमेव ओळख होते. तेथे आपण आरोपी आहोत, दोषी ठरलो आहोत की केवळ वाद मिटवून परतलो आहोत, हे माणसाला स्वतःच्या भाषेत सांगता आले पाहिजे.